दोन सेकंदांत सातशे व्हायरस

कॉम्प्युटरसमोर बसण्याआधी तो मागे वाकायचा आणि इंटरनेटची तार उपसायचा. "आधी तार काढायची शेठ, मग घाबरायचं."

दापोडीहून स्कूटरवर येणारा, पन्नाशी ओलांडलेला हा दुरुस्तीवाला तुमच्यापैकी कुणाच्या गाळ्यात येऊन गेला असेल, तर तुम्हाला त्याची चाल आठवेल. घाई नाही, थांबणंही नाही. बंद पडलेल्या एका कंपनीत तो इलेक्ट्रिशियन होता. कॉम्प्युटर उघडून उघडून स्वतःच शिकला. मीही हेल्परचा मालक झालेला माणूस, त्यामुळे आमचं जमायचं आणि भांडणही व्हायचं. त्यानं तीनशे म्हटलं की मी दीडशे म्हणायचो. तो म्हणायचा, "भाव नंतर पाडा शेठ, आधी पाणी पाजा."

कुरुळीतल्या माझ्या गाळ्यात, जिथं आम्ही प्रेस मशीनवर पत्र्याचे वॉशर ठोकतो, एका सकाळी स्क्रीनवर लाल चौकट आली. भोंगा वाजायला लागला. सातशे व्हायरस सापडलेत, ताबडतोब फोन करा, नाहीतर सगळं पुसलं जाईल. चौकट बंद होईना. डायची, म्हणजे साच्यांची, ड्रॉइंग सगळी त्यातच, आणि दुपारी कंपनीचा माणूस येणार. मी फोन लावला. पलीकडच्यानं हिंदीत अँटिव्हायरसचे नऊ हजार सांगितले. मी घासाघीस करून साडेचारवर आणलं. कार्ड काढून नंबर सांगणार, तेवढ्यात प्रिंटरसाठी बोलावलेला हा दारात.

"निम्म्यावर आणला!" मी ऐटीत सांगितलं.

त्यानं माझ्या हातातला फोन घेऊन बंद केला. तार उपसली, ती चौकट जबरदस्तीनं घालवली, भोंगा थांबला. मग आमच्या खऱ्या अँटिव्हायरसला तपासायला लावलं. पाऊण तास गेला. एकही व्हायरस निघाला नाही.

"दोन सेकंदांत सातशे मोजले म्हणे! तुमच्या पोरांना सातशे वॉशर मोजायला किती वेळ लागतो? आणि रस्त्यात आडवा येऊन नाडी धरतो तो डॉक्टर असतो का? वर औषध निम्म्या भावात!"

प्रेसवरची माणसं हसली. खो खो हसली. माझं डोकं सटकलं.

"तूच घातलं असशील हे! तुझाच धंदा आहे हा!"

त्यानं बॅगेची चेन लावली. "त्या चोराला भाईसाब म्हणत होतात, शेठ," एवढंच बोलला आणि प्रिंटरला हात न लावता गेला.

मी तिथं थांबायला हवं होतं. पण त्याच रागात समोरच्या दोन गाळ्यांत जाऊन ओरडून आलो, की हाच व्हायरस घालतो आणि हाच काढायचे पैसे घेतो. खोटं आहे हे बोलतानाच मला माहीत होतं. त्यांनी त्याला बोलावणं सोडलं. मग गल्लीनं सोडलं.

माणसांदेखत शिकवायची काय गरज होती, हे मी आजही म्हणतो. पण त्याची स्कूटर दिसेनाशी झाली तसं मला गाळ्यात एका जागी उभं राहवेना. शेवटी दापोडीला गेलो. शटर बंद. शेजारचा शिंपी म्हणाला, "कामं आटली वो त्यांची. गेले लेकीकडं, नाशिकला."

तिथूनच फोन लावला. त्यानं उचलला.

"चुकलं माझं," मी म्हणालो.

"मला कशाला सांगता? मी घातला नव्हता हे मला माहीतच आहे. तिथं सांगा शेठ. तेव्हा ओरडला होतात तेवढ्याच मोठ्यानं."

परत आलो तेव्हा सगळ्या प्रेस चालू होत्या. समोरच्या गाळ्याच्या दारात उभा राहून मी ओरडून सांगितलं. आतल्या मालकानं कानामागे हात धरला.

"काय म्हणालात?"

मी आत गेलो, आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागलो.