आंब्याखाली कडुनिंब

जेवण झालं की काका ताट जरा पुढे सारायचे, चष्मा कपाळावर चढवायचे आणि म्हणायचे, "बाई, शेरा ऐका."

मी ओट्यापाशी उभी राहून ऐकायची. "आमटी उत्तम. भेंडी जरा जास्त परतली गेली. पोळ्यांबद्दल तक्रार नाही." एवढं झालं की ते हात धुवायला उठायचे.

सुरुवातीला मला वाटलं, हा माणूस खोडी काढणारा आहे, इथलं काम टिकायचं नाही. पण ते सगळ्यांनाच असं सांगायचे. इस्त्रीवाल्याला म्हणायचे, "भैया, कॉलर बढिया, आस्तीन में सिलवट है." तो हसायचा, पण पुढच्या वेळी बाही नीट करून आणायचा. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, ज्याला काहीही न बोलता पुढे जाता येत नाही.

माझा नवरा सोनं-चांदी गाळायचं काम करतो. त्यासाठीच आम्ही सांगलीकडून इकडे फरीदाबादला आलो. माणूस चांगला आहे, पण ताट रिकामं करतो आणि उठतो. चव लागली की नाही, ते लग्नापासून मला कळलेलं नाही. काकांकडे ते कळायचं. म्हणून इतर घरं सोडली तरी काकांचं सोडलं नाही.

काकांची नोकरी दिल्लीत केंद्र सरकारच्या एका ऑफिसात झाली. बायको वारली होती, मुलगी गुरुग्रामला उंच सोसायटीत राहायची. ते सांगायचे, "आमच्याकडे कागद शेऱ्याशिवाय टेबलावरून हलत नसे. 'पाहिले' एवढं तरी लिहावंच लागे. न लिहिता पुढे ढकलणं म्हणजे समोरच्याचा अपमान."

निवृत्तीनंतर त्यांनी कॉम्प्युटरवर झाडांची वेबसाइट काढली. सेक्टरमधल्या प्रत्येक झाडाचा फोटो, त्याचं मराठी नाव, फुलं कधी येतात आणि कुठल्या पार्कात उभं आहे. इथे वाढलेल्या मराठी मुलांना बहावा माहीत नाही, सातवीण माहीत नाही, हे त्यांना लागायचं. प्रत्येक झाडाखाली एक रिकामा चौकोन होता. त्यावर लिहिलं होतं, 'आपला शेरा लिहा.' मी कणीक मळायची तेव्हा ते नवीन पान मोठ्याने वाचून दाखवायचे.

चौकोन रिकामाच राहायचा. सकाळी मी दार उघडून आत गेले की ते कॉम्प्युटरसमोर बसलेले असायचे. मी विचारायचं टाळायची. तेच मान हलवून सांगायचे, "निरंक."

मुलीला ते फोनवर विचारायचे, "शिरीषाचं पान पाहिलंस का?"

फोन स्पीकरवर असायचा, मला ऐकू यायचं. "हो बाबा, अंगठा पाठवला ना मी."

"अंगठा सही न येणारी माणसं देतात, बेटा. तू एम.ए. आहेस."

"बाबा, यार, मीटिंगमध्ये आहे. रात्री बघते, बिल्कुल."

एकदा फोन ठेवून ते माझ्याकडे वळले. "तुम्ही सही करता ना?"

"करते," मी म्हटलं. "चौथी शिकलेय."

"मग तुम्ही तिच्या पुढे आहात," म्हणाले आणि हसले. ते हसू लगेच विझलं.

गणपतीत इथल्या मराठी मंडळाने त्यांना स्टेजवर थोडा वेळ दिला. त्यांनी वेबसाइटचा पत्ता छापलेले कागद नेले होते, खुर्च्यांवर एकेक ठेवले होते. बोलायला उभे राहिले तर आरतीची वेळ झाली. मग प्रसादाचे द्रोण कमी पडले, तेव्हा लोकांनी तेच कागद घेतले आणि त्यांवर वडे खाल्ले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला एक कागद दाखवला. तेलाने पारदर्शक झाला होता. "बाई, हा पहिला शेरा," ते म्हणाले.

खरा शेरा एकदाच आला. त्या दिवशी मला दारातच सांगितलं, "आज शिरा करा." कुणीतरी लिहिलं होतं की आपलं लेखन फार उपयुक्त आहे, असंच लिहीत राहा. काकांनी दुपारभर बसून उत्तर लिहिलं. आभार मानले, कुठली झाडं राहिलीत ते कळवलं, चहाला बोलावलं. रविवारी मुलगी आली. तिने पाहिलं आणि हळूच म्हणाली, "बाबा, हे माणसाने नाही लिहिलेलं. मशीन आहे. सगळ्यांना हेच पाठवतं. खाली कर्जाची जाहिरात आहे बघा."

काकांनी चष्मा कपाळावर चढवला. "अच्छा," ते म्हणाले. "मशीनने तरी पान उघडलं."

त्यानंतर त्यांनी एक गोष्ट केली. ऑफिसातली एक जुनी युक्ती त्यांनी मला पूर्वी सांगितली होती. वरच्या साहेबाने नोट वाचली की नुसतीच सही ठोकली, हे कळावं म्हणून ते नोटमध्ये मुद्दाम एखादी ढोबळ चूक ठेवायचे. आता त्यांनी गेटजवळच्या आंब्याच्या फोटोखाली मोठ्या अक्षरात 'कडुनिंब' लिहिलं. फोटोत कैऱ्या लटकत होत्या. शाळेत न गेलेल्यालाही कळावं असं.

मला दाखवलं तेव्हा मी लगेच म्हटलं, "काका, हा आंबा आहे."

ते क्षणभर खुलले. मग मान हलवली. "घरचा शेरा धरत नाहीत, बाई. बाहेरचा यायला हवा."

मला ते लागलं. बाहेरचं कुणी सांगेपर्यंत चूक सुधारायची नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. कैऱ्यांचे दिवस गेले, सातवीण फुलली, तिचा उग्र वास घरात येऊ लागला. कडुनिंब तिथेच होता.

थंडीत हवा वाईट झाली. समोरची बिल्डिंग दिसेनाशी झाली आणि काकांचा खोकला छातीत उतरला. हॉस्पिटलात मी पेज घेऊन गेले. काकांनी दोन चमचे घेतले, ताट सारावं तशी वाटी सारली. मी शेऱ्याची वाट बघत उभी राहिले. त्यांनी नाकावरचा मास्क जरा उचलला आणि विचारलं, "आंबा?"

"तसाच आहे, काका."

"राहू द्या. कुणीतरी पाहील."

ते घरी परत आले नाहीत.

तेराव्याला मुलीने सगळ्यांना बोलावलं. मंडळाची माणसं आली, ऑफिसातली जुनी माणसं आली. तिने ती वेबसाइट टीव्हीवर लावली. एकेक झाड सरकू लागलं. "वा, किती काम केलं काकांनी." "आम्हाला बोलले नाहीत कधी." मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. आंबा आला. टीव्हीभर कैऱ्या, खाली 'कडुनिंब'. "सुंदर," कुणीतरी म्हणालं. माना हलल्या.

मी कधी चार माणसांत बोलत नाही. त्या दिवशी तोंडातून निघून गेलं. "ते चुकलंय. तो आंबा आहे. काकांनी मुद्दाम ठेवलंय."

सगळे माझ्याकडे वळले. मुलीचे डोळे भरले होते. उठून जवळ आली, माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मावशी, असू दे ना आता. बाबांच्या हातचं आहे, तसंच राहू दे."

पुढचं झाड आलं.

मी स्वयंपाकघरात गेले. आमटी उकळत होती. तिच्यात मी मीठ घातलं नाही.

पंगत बसली. एकाने पहिला घास घेतला, ताटातलं मीठ चिमटीने उचलून भातात कालवलं आणि शेजाऱ्याशी गाडी कुठे लावली ते बोलत राहिला. बाकीच्यांनीही तसंच केलं. ताटं परत आली, सगळी रिकामी. कुणी काही म्हणालं नाही.