थर्मासमधला चहा

मी तापट आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी आईवर ओरडले की कुणाला आश्चर्य वाटायला नको. आमच्या घरात ओरडणं चालतं. पाहुण्याला काही मागायला लावणं मात्र चालत नाही.

पाहुणे म्हणजे नातेवाईक नव्हेत. भाजे गावात माझ्या माहेरच्या घरामागे दोन खोल्या आहेत. लेणी बघायला, लोहगड चढायला आलेली माणसं शनिवार-रविवार तिथं राहतात आणि आईच्या हातचं पिठलं-भाकरी, ठेचा, इंद्रायणीचा भात खाऊन जातात. वडील गेले त्याच्या पुढच्या वर्षी आईने हे सुरू केलं. खोली कशी लावायची ते तिने मला शाळेत असतानाच शिकवलं. उशाशी पाण्याची बाटली. कॉटवर घडी घातलेले दोन टॉवेल आणि त्यांच्यावर कागदातला नवा साबण. खिडकीत डासांची अगरबत्ती. सकाळी दाराबाहेर थर्मासमध्ये चहा भरून ठेवायचा, म्हणजे ज्याला जेव्हा जाग येईल तेव्हा त्याने घ्यावा. "समदं हाताशी ठेवायचं बये," ती म्हणायची, "म्हंजी मानसाला मागायची लाज वाटत न्हाई."

यंदा शिमग्याच्या आधी ती चुलीपुढे चक्कर येऊन पडली. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला म्हणून वहिनी धावली. डॉक्टरांनी रक्तदाबाच्या गोळ्या दिल्या आणि आठ दिवस पूर्ण विश्रांती सांगितली. "पुन्हा अशा पडलात तर नुसत्या चक्करवर भागणार नाही, मावशी," ते म्हणाले. आई "बरं" म्हणाली आणि त्याच संध्याकाळी पीठ मळायला बसली.

भावाचा फोन आला. "ताई, हितं ठेवली तर ही बसायची न्हाई. तू घिऊन जा."

मी परंदवडीत राहते. नवरा जवळच्या कंपनीत आहे, मुलगा शिकायला पुण्यात, त्यामुळे त्याची खोली रिकामीच. आईला आयुष्यात कधी सुट्टी नाही. दुसऱ्यांच्या सुट्ट्या पार पाडण्यातच तिची वर्षं गेली. तेव्हा ही सुट्टी अशी व्हायला हवी की तिला बोटही उचलावं लागू नये, असं मी ठरवलं आणि कंबर कसली. खोल्यांचं आणि स्वयंपाकाचं वहिनीने अंगावर घेतलं. बुकिंगचे फोन आईच्याच मोबाइलवर येतात, म्हणून तो भावाने ठेवून घेतला. गोळ्या सकाळ-संध्याकाळच्या डब्यांत वेगळ्या केल्या. मुलाची खोली झाडून पुसून घेतली, नवी चादर घातली. बाटली, टॉवेल, साबण, अगरबत्ती. थर्मास तर मी नवा आणला. मंगळवारी सकाळी सगळं लावून झाल्यावर दारात उभी राहून पाहिलं आणि मला स्वतःचाच फार अभिमान वाटला.

दुपारी नवरा तिला घेऊन आला. आईने दारातून खोली पाहिली. तिच्या तोंडावरून काहीतरी सरकलं, पण ते मला तेव्हा वाचता आलं नाही.

"लय झाक लावलीस," ती म्हणाली आणि कॉटच्या अगदी कडेला बसली. एस.टी.त खिडकीजवळची जागा दुसऱ्याची असताना माणूस बसतं तशी.

मंगळवार आणि बुधवार तिने तिथंच काढले. मी दर तासाने डोकावायचे. काही पाहिजे का, असं विचारायचे. "न्हाई गं, समदं हाय की," हे ठरलेलं उत्तर. जेवायला हाक मारली की यायची, पान चाटूनपुसून रिकामं करायची आणि "भाजी ग्वाड झालती" म्हणून ताट उचलायला लागायची. मी ताट हिसकावून घ्यायचे. दुपारी झोप म्हटलं तर डोळे मिटून पडायची, पण हाताची बोटं हलत असायची. बहुतेक भाकऱ्या मोजत असेल.

गुरुवारी नवऱ्याच्या कंपनीला सुट्टी असते. त्याने मित्राची गाडी मागून आणली आणि आम्ही तिला लोणावळ्याला नेलं. आता भाज्याच्या बाईला लोणावळ्याची ती काय नवलाई, असं कुणी म्हणेल. पण आईचं लोणावळं म्हणजे किराणा, गॅसची शेगडी दुरुस्त करणारा आणि सहाआसनी रिक्षा. फिरायला म्हणून ती तिथं कधी गेलीच नव्हती. आम्ही धरणाच्या बाजूला गेलो, वारा खाल्ला, मग एका बऱ्यापैकी हॉटेलात शिरलो. वेटरने पाणी ठेवून तिला विचारलं, "काय आणू आजी?"

आई माझ्याकडे बघायला लागली. मी मुद्दाम गप्प बसले. मग ती त्या पोराला हळूच म्हणाली, "जे जास्तीचं झालं असंल ते आण बाबा."

नवऱ्याला हसू आवरेना. शेवटी मी थाळ्या मागवल्या. जेवण झाल्यावर हात धुऊन येते तर आईने तिन्ही ताटं एकात एक रचलेली, वाट्या वेगळ्या, आणि कागदी रुमालाने टेबल पुसणं चाललेलं.

"अहो मामी, त्यांची माणसं आहेत त्याला," नवरा म्हणाला.

"आसू द्या जावयबापू. दुपारच्याला लय गर्दी आस्ती. त्या पोराला तेवढाच इसावा."

परतताना गाडीत ती दमून झोपली. कार्ल्याचा फाटा आला तशी मात्र कुणी हलवल्यासारखी जागी झाली आणि भाज्याच्या बाजूचा डोंगर मागे जाईपर्यंत काचेतून बघत राहिली. मला वाटलं, गावाची आठवण आली असेल. माझी अक्कल तेवढीच.

शुक्रवारी सकाळी मी थर्मास ठेवायला गेले तर दार उघडंच. पलंगपोस एकही सुरकुती नसलेला. पांघरुणाची चौकोनी घडी. केर काढलेला. टॉवेलवर तो साबण होता तसा, कागद न फाडलेला. तीन दिवस ती घरून आणलेल्या साबणाच्या झिजलेल्या तुकड्याने अंघोळ करत होती. पाहुणे गेल्यावर भाज्याला ती खोली जशी पुन्हा लावून ठेवते, तशी खोली तिने लावली होती, आणि पिशवी मांडीवर घेऊन बसली होती.

"शुक्कीरवार हाय," ती म्हणाली. "सांजच्याला पाव्हणं यायला लागत्याल. तुझ्या भावजयीला एकटीला न्हाई उरकायचं. आन जावयाच्या घरी किती दिस ऱ्हायचं मानसानं."

माझं डोकं फिरलं. थर्मास जमिनीवर आपटला, नशीब फुटला नाही. "आठ दिवस सांगितलेत डॉक्टरांनी! तीन झालेत! परत पडलीस म्हंजी? मी कुणाला आई म्हणू? एवढं समदं केलं तुझ्यासाठी, तुला साबणाचा कागद फाडवला न्हाई?"

"पुढच्या कुणाला व्हईल की तो."

"कोण पुढचा? ही काय भाड्याची खोली हाय?"

हे बोलून गेले आणि मीच थांबले. बाटली, टॉवेल, अगरबत्ती, सगळ्यांवरून माझी नजर फिरली. भाड्याचीच तर खोली लावली होती मी. माणसाला सुख द्यायची मला दुसरी रीतच ठाऊक नव्हती, आणि जिने ती शिकवली तिच्यावरच मी ती चालवली होती. ती पाहुणी म्हणूनच आली, पाहुण्यासारखीच वागली, आणि पाहुण्यासारखीच तीन दिवसांनी निघाली होती.

मी तिच्यापुढे खाली बसले. "आये, तुला काय पायजे ते तरी सांग."

ती बराच वेळ पिशवीच्या बंदाशी चाळा करत राहिली. "मला काय म्हाईत, काय पायजे. सवयच न्हाई ऱ्हायली." मग म्हणाली, "माझी आई न्हाई कधी इचारायची. भात झोडून झाला की आठ दिस म्हायेरी जायची मी. तुमी दोघं ल्हान व्हता. गेली की पसरायची. हातरूण बी गोळा करत नव्हते. वट्यावर पडल्या पडल्या वरडायची, आये, च्या ठेव की. आन ती आतनं वरडायची, ठेवते गं, जीव घेतीस का!"

आईच्या तोंडून इतकी वाक्यं सलग मी क्वचितच ऐकली होती. आजी जाऊन किती वर्षं झाली. त्यानंतर माझी आई कुठेच जाऊन पसरली नव्हती, हे मला तिथं फरशीवर बसून पहिल्यांदा कळलं, आणि फार वाईट वाटलं.

"हितं तू समदं पुढ्यात ठिवलंस," ती थर्मासकडे बघत म्हणाली. "लय केलंस बये. पर मागू काय?"

मी उठले, थर्मास रिकामा करून माळ्यावर टाकला. साबणाचा कागद फाडून साबण मोरीत ठेवला, आमच्या साबणाशेजारी. तिची पिशवी उपसून कपडे आमच्या कपाटात कोंबले. मुलाची गादी ओढत बाहेरच्या खोलीत आणली, जिथं आम्ही टीव्ही बघतो आणि पंखा कुरकुरतो. आई "अगं, अगं" करत मागे मागे आली. मग भावाला फोन लावून, आई निघालीय म्हणून सांगितलं आणि तो तिच्या कानाला लावला.

"चार मानसं हायेत फकस्त," तो पलीकडून म्हणाला. "तुझी सून करतीया. तू आलीस तर दार उघडायचा न्हाई मी."

"वाया गेलीत पोरं," आई फोन परत देत म्हणाली. पण गादीवर बसली. आधी कडेला.

आणि मग मी माझ्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम केलं. तिला काही विचारलं नाही. माझी कपडे-भांडी केली, तांदूळ निवडले, शेजारणीशी जिन्यात गप्पा मारल्या. पाणी पाहिजे का, उशी देऊ का, पंखा वाढवू का, सगळे प्रश्न दातांखाली धरून ठेवले. जेवल्यावर तिने ताट उचललं नाही, मला उचलायलाही सांगितलं नाही. ते तसंच राहिलं आणि शेवटी मी नेलं. दुपारी पाहिलं तर ती भिंतीकडे तोंड करून झोपली होती. पदर एकीकडे, पाय गादीबाहेर. बोटं हलत नव्हती.

चार वाजले. भाज्याला या वेळी ती खोल्यांच्या दारांवरून "च्या ठेवू का?" असं विचारत फिरते. मी स्वयंपाकघरात ओट्याशी उभी होते. दूध काढलेलं, पातेलं समोर, गॅस बंद. सवा चार झाले. हात शिवशिवत होते. आपण चुकतोय, ती बिचारी तहानलेली पडली असेल, असं दहादा वाटलं. साडेचार.

"अगं ए!" बाहेरून आवाज आला. चांगला खणखणीत, त्रासलेला आवाज. "झोपलीस का काय? च्या ठेव की! आन आलं घाल जरा, कालचा तुझा च्या म्हंजी नुस्तं पानी व्हतं!"

माझ्या डोळ्यांतून पाणीच आलं. गॅस पेटवायला दोन काड्या मोडल्या. पण मी तापट बाई, आणि उत्तर काय द्यायचं ते मला सकाळीच समजलं होतं. मी आतूनच ओरडले, "ठेवते गं, जीव घेतीस का!"

बाहेर आई हसायला लागली, तोंडाला पदर न लावता, मोठ्याने. हसत राहिली. मी पातेलं गॅसवर चढवलं आणि आलं जास्त किसून घातलं.