काचेमागचा जिताडा

‘सावली काढ.’

तळ्यावर काका माझ्याशी बोललेले हे पहिले शब्द. मी तळ्याच्या काठावर ऐटीत उभा होतो, ऊन पाठीवर होतं आणि माझी सावली थेट पाण्यात पडली होती. ते स्वतः पाण्याकडे येताना बरंच आधीपासून कमरेत वाकायचे आणि चोरासारखे कडेकडेने येऊन बसायचे. सत्तरी उलटलेला माणूस, अंगात मुलाने आणलेलं फुगीर जॅकेट, डोक्याला माकडटोपी. ‘माशाला आपण दिसलो की संपलं,’ म्हणायचे. ‘त्याने घाबरायचं, आपण लपायचं. व्यवहार आहे तो.’

त्यांचा मुलगा समीर माझ्या ऑफिसात. काका मूळचे अलिबागजवळच्या खारेपाटातले, पाटबंधारे खात्यातून निवृत्त. काकू गेल्यावर गावच्या घरात एकटेच राहायचे. एकदा चक्कर येऊन पडले आणि दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांनी हाक मारेपर्यंत तसेच पडून राहिले. समीर मिळेल त्या विमानाने गेला, घराला कुलूप लावलं आणि त्यांना इंग्लंडात, मिल्टन कीन्सला घेऊन आला. यात त्याचं काय चुकलं, ते मला अजूनही सांगता येणार नाही. तुमच्या-माझ्यापैकी कुणीही हेच केलं असतं.

पण काकांचं काय झालं ते बघा. मुलगा-सून दिवसभर कामावर. आमच्या इथे गाडी चालवता येत नसेल तर माणूस घरातलं फर्निचर होतो. एकदा ते फिरायला म्हणून निघाले आणि सगळे राउंडअबाउटचे गोल चौक एकसारखे दिसल्यामुळे तासभर चालून परत आपल्याच गल्लीच्या तोंडाशी आले. ‘चांगली सोय आहे,’ मला म्हणाले, ‘पळून जायचं म्हटलं तरी घरीच पोचतो माणूस.’ त्यानंतर समीरने त्यांच्या फोनमध्ये ते कुठे आहेत ते स्वतःला दिसेल अशी व्यवस्था केली. काका बागेच्या टोकाला गेले की ऑफिसात समीर फोन बघायचा. मी शेजारीच बसायचो, मला दिसायचं.

म्हणून शनिवारी मी त्यांना आमच्या अँगलिंग क्लबच्या तळ्यावर गळ टाकायला न्यायला लागलो. तिथे त्यांचं आणि इंग्रजांचं जमलं, पण एका बाबतीत ते शेवटपर्यंत हरले. आमच्याकडे पकडलेला मासा परत सोडायचा असतो. नुसता सोडायचा नाही. आधी हात ओले करायचे, त्याला ओल्या गादीवर निजवायचं, गळ लागला तिथे औषध लावायचं, मग दोन्ही हातांनी हळूच पाण्यात. क्लबातला डेव्ह, रिटायर्ड प्लंबर, तर माशाच्या डोक्याची पापीही घ्यायचा. काकांनी हे सगळं गंभीरपणे पाहिलं आणि मला हळूच विचारलं, ‘एवढी सेवा करायची तर बोलावलाच कशाला?’

मी डेव्हला भाषांतर करून सांगितलं. तो इतका हसला की तळ्यावरची बदकं उडाली. तेव्हापासून तो काकांना चहा पाजायला लागला.

‘माझं घर बघायला हवंस तू,’ काका गळ टाकून झाल्यावर सुरू करायचे. ‘मागच्या दारी तळं. पावसाळ्यात खाडीतून जिताड्याची पिल्लं आणायची, तळ्यात सोडायची. पाहुणा आला की एक काढायचा.’ आणि मग, ‘पुढच्या पावसाळ्याला जाईन.’ हे मी दोन पावसाळे ऐकलं. दोन्ही वेळा समीर म्हणाला होता, ‘बाबा, नेक्स्ट इयर बघू.’

वसंतात नद्यांवर मासेमारी बंद असते, त्या दिवसांत आमचा क्लब सहलीला जातो. त्या वर्षी कुणाला काय सुचलं कोण जाणे, समुद्रकाठच्या एका शहरातलं भलंमोठं मत्स्यालय ठरलं. मासे पकडणाऱ्या माणसांना मत्स्यालयात नेण्यात अर्थ नाही. शाळेची पोरं काचेला नाक लावून उभी, आणि आमची म्हातारी मंडळी चार पावलं मागे, कुजबुजत, पाय न वाजवता. डेव्ह शार्कच्या टाकीसमोर बराच वेळ उभा राहिला आणि शेवटी नाराज होऊन म्हणाला, ‘हे काही खरं नाही. आपण वाट कुठे बघितली?’

काका मात्र सवयीने कमरेत वाकून प्रत्येक टाकीकडे कडेने जात होते. एका पोराला तर त्यांनी खांद्याला धरून मागे घेतलं. तिथे काम करणारी एक मुलगी हसत पुढे आली. ‘तुम्ही अगदी जवळ जा, सर. त्यांना काही वाटत नाही.’

आणि त्याच वेळी काकांना तो दिसला.

गरम देशांतल्या माशांच्या दालनात, एका उंच टाकीत, तळाशी एकटा. पाठीला बाक, तोंड पुढे चिंचोळं, अंग रुपेरी. ‘जिताडा,’ काका म्हणाले. आवाज बदलला होता त्यांचा. ‘अरे, हा आमच्याकडचा आहे.’

ते काचेशी गेले, चक्क ताठ उभे राहिले आणि त्याच्या डोळ्यांसमोर हात हलवला. पुन्हा हलवला. जिताडा जागचा हलला नाही.

‘घाबरत नाही हा,’ ते म्हणाले.

त्या मुलीला वाटलं, कौतुक चाललंय. तिने उत्साहाने माहिती दिली आणि मी मराठीत सांगत गेलो. लहान होता तेव्हा आला, इथेच वाढला. पाणी हवं तितकं गरम, खाणं वेळच्या वेळी, डॉक्टर येऊन तपासतात. बाहेर असता तर इतका जगला नसता.

‘विचार तिला,’ काका म्हणाले, ‘आता सोडला तर?’

मी विचारलं. तिने मान हलवली. मरेल म्हणाली. बाहेर कसं राहायचं ते आता त्याला येणार नाही.

‘समीरपण असंच म्हणतो,’ काका म्हणाले. हे मी त्या मुलीला सांगितलं नाही.

बाकीचे कॅफेत गेले तरी ते तिथून निघेनात. मी म्हटलं, ‘काका, तुम्हीसुद्धा तळ्यात ठेवताच की.’

‘आम्ही खायला ठेवतो रे,’ ते म्हणाले. ‘हा नुसता ठेवलाय.’

परतीच्या प्रवासात डेव्हने चहा पुढे केला तर त्यांनी नको म्हटलं. घरी पोचलो तेव्हा समीरने पोहे करून ठेवले होते. काका जॅकेटही न काढता स्वयंपाकघरात उभे राहिले.

‘मला घरी जायचंय. राहायला.’

‘बाबा, प्लीज, बी रीझनेबल. डॉक्टर काय म्हणालेत? रेग्युलर मॉनिटरिंग पाहिजे. तिकडे तुम्हाला काही झालं तर?’

‘होईल की. इथेही होईल.’

‘इथे मी आहे.’

‘तू आहेस रे,’ काका म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरले. ‘तू चांगलाच आहेस. तुझ्या चांगुलपणातून बाहेर कसं पडायचं, तेच मला कळत नाही.’

समीर माझ्याकडे वळला. ‘तू तरी सांग ना त्यांना.’ मला दोघांचाही लळा. मी म्हणालो, ‘मी आज त्यांच्याबरोबर होतो समीर. मी नाही सांगणार.’ तो परसदारी गेला आणि अंगावर पाऊस घेत बराच वेळ उभा राहिला. आत आला तेव्हा म्हणाला, ‘पोहे गार झाले. मायक्रोवेव्हमध्ये लावतो.’ त्याच्या घरात होकार असाच मिळतो.

काका मे महिन्यात गावी गेले. हीथ्रोवर समीर हात वर करून उभा होता. काका सिक्युरिटीच्या रांगेत शिरले ते शिरलेच, मागे वळून पाहिलं नाही. समीरला ते लागलं. मलाही लागलं, खरं सांगायचं तर. आता शनिवारी डेव्ह त्यांच्या जागेवर कुणाला बसू देत नाही.

समीर रोज ऑफिसच्या कार पार्कमध्ये पोचला की गाडीतूनच फोन लावतो आणि तिकडून आवाज आल्याशिवाय खाली उतरत नाही. परवा मी काचेवर टकटक केली तर त्याने आत बसायची खूण केली. स्पीकरवर रिंग वाजत होती. बंद झाली, त्याने परत लावली. परत बंद. स्टिअरिंग त्याने घट्ट धरलं होतं, गाडी बंद असूनही.

मग फोन उचलला गेला. मागे कोंबड्या, कुणाची तरी हाक, आणि धापा टाकणारे काका. ‘अरे, तळ्यावर होतो. नवी पिल्लं आणलीत. फोन घरात राहिला.’

समीरने स्टिअरिंग सोडलं.

तिकडे दुपार झाली होती. ‘जेवलास का?’ काकांनी विचारलं.

इथे सकाळचे आठ वाजले होते. समीरने अजून चहासुद्धा घेतला नव्हता.

‘हो बाबा,’ तो म्हणाला. ‘जेवलो.’