चमचाभर साखर

सासूबाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी शाळेत होते. झोपेतच हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले. आज पाच आठवडे झाले. भेटायला येणारे विचारतात, त्रास तर नाही ना झाला? त्या दिवशी नाही झाला... त्याआधी झाला होता, आणि तो मी दिला होता.

भंडाऱ्याहून लग्न होऊन सासूबाई, म्हणजे आमच्या आई, भिलाईला सेक्टर दहाच्या क्वार्टरमध्ये आल्या. शिक्षण चौथीपर्यंत, पण गोडातलं त्यांना विचारावं. बेसनाच्या लाडवाला पिठीसाखर, तीही बेसन कोमट झाल्यावर; तिळाच्या वडीला चिक्कीचाच गूळ; खोकल्याला खडीसाखर. माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या बुद्धपौर्णिमेला मी उकळत्या दुधात गूळ टाकला आणि पातेलंभर खीर फाटली. बाहेर पाहुणे बसलेले. "कावून रडून राहिली? गूळ गॅस बंद करून, दूध निवल्यावर टाकावा," एवढंच म्हणाल्या, आणि बाहेर जाऊन सगळ्यांना सांगितलं, "आज मीच चुकली."

दोन वर्षांपूर्वी त्यांना इन्सुलिन सुरू झालं. तरी चोरून गुळाचा खडा तोंडात टाकायच्या. मी साखर, गूळ, खडीसाखरसुद्धा कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि किल्ली पर्समध्ये घालून शाळेत जाऊ लागले.

"सुषमा, एक डबी बाहेर ठेव ना. मले कधी कधी चक्कर येते."

"चक्कर नाही आई, निमित्त आहे ते." नातवंडांसमोर बोलले मी हे. मुलं हसली. आईंनी पुन्हा कधी डबी मागितली नाही.

आईंच्या पुण्यानुमोदन विधीच्या दिवशी शेजारच्या गेडाम काकूंनी मला बाजूला घेतलं. "आता सांगतो तुले. गेल्या उन्हाळ्यात भर दुपारी आई आमच्या दारात आल्या. घामानं ओल्याचिंब, हात थरथरून राहिले होते, शब्द फुटत नव्हता. साखरपाणी पाजलं तेव्हा कुठं सावरल्या. म्हणे, सुषमाले सांगू नको, पोरीच्या जिवाले लागंल."

इन्सुलिननं कधी रक्तातली साखर एकदम उतरते, तेव्हा चमचाभर साखर हेच औषध, हे डॉक्टरांनी मलाच समजावलं होतं. मी मान हलवली होती. ऐकलं नव्हतं.

त्या दुपारपासून काकूंनी आपल्या स्वयंपाकघराच्या खिडकीत साखरेची एक स्टीलची डबी ठेवली, खास आईंसाठी. ती अजून तिथंच आहे. शाळेतून येताना रस्त्यावरूनच दिसते. काल धीर करून आत गेले. विचारलं, "काकू, पुन्हा किती वेळा आल्या होत्या आई?"

काकू गॅस पेटवत म्हणाल्या, "बस. चहा मांडतो."