भिजकेराव आणि कोरडं ड्रिल

खरं सांगू, हे लिहिणारच नव्हते. काका म्हणाले, "माझ्यावर काय लिहितेस? त्यापेक्षा कपडे वाळत घाल!"

माझे काका खाणीत दगडाला भोकं पाडायचे. ड्रिल कोरडं चालवलं की काम पटकन उरकतं, पण दगडाची बारीक धूळ थेट छातीत जाते. म्हणून धूळ दाबायला नळीतून पाणी आल्याशिवाय काका ड्रिलला हातच लावायचे नाहीत. रोज चिखलाने माखून घरी! सोबतच्यांनी नावच ठेवलं, भिजकेराव. काकू कपडे धुताना जाम वैतागायची.

गेले पंधरा दिवस काकांचा खोकला थांबेना. काल एक्स-रे काढला. डॉक्टर म्हणाले, "फुप्फुसं छान आहेत. सर्दीचा खोकला आहे."

काकू रडतच म्हणाली, "तीस वर्षं चिखल धुतला, सार्थक झालं बाई!"

मी तर तिला मिठीच मारली.

काका मात्र चपला घालून निघाले. "कुठे?" मी विचारलं.

"भिजकेराव म्हणून सगळ्यात जास्त हसायचा ना, तो कोरडं ड्रिल चालवणारा, त्याच्याकडे. चार पायऱ्या चढला तरी धाप लागते त्याला. उद्या दवाखान्यात नेतो."

तुमच्या ओळखीत कुणी दगडाच्या धुळीत काम करतं? प्लीज, लवकर भेटून या आणि छातीचा एक्स-रे काढायला सांगा.