उजेडाला आडवा रोलर

ओल्या प्लास्टिक पेंटचा वास आला की मला इंदिरानगरमधल्या एका बंगल्याचा हॉल आठवतो. दोन हजार सालच्या आसपास आम्ही तिथे छत रंगवत होतो. माझे उस्ताद तेव्हा साठीचे होते. शिडीवरून त्यांच्या ब्रशचा एक थेंब नव्या फरशीवर पडला आणि मालकाने बायकोमुलांसमोर त्यांच्या कानाखाली मारली. उस्तादांनी फडकं घेतलं. थेंब पुसला आणि मला म्हणाले, "शेवटचा कोट तू मार, मी आता शिडी चढत नाही." आधी स्प्रे मारायचा, तो ओला असतानाच रोलर फिरवायचा आणि शेवटचे हात खिडकीच्या दिशेने ओढायचे, म्हणजे उजेडात रेघा दिसत नाहीत, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. मी मुद्दाम रंग अर्धवट सुकू दिला आणि रोलर उजेडाला आडवा ओढला. संध्याकाळी छत दुधासारखं दिसलं, मालक खूश झाला. सकाळी ऊन आत आलं तसे या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पट्टे उमटले. दिवाळी दोन दिवसांवर होती, दुसरा रंगारी मिळणं शक्य नव्हतं. मालकाने आम्हाला बोलावून घेतलं. उस्तादांनी वर पाहिलं, मग माझ्याकडे, आणि त्यांना सगळं कळलं. "साहेब, याच्याहून बरं आम्हाला जमायचं नाही," म्हणाले आणि शिडी उचलून निघाले. फाटकाबाहेर आल्यावर हळूच म्हणाले, "पट्टे मात्र एकदम सरळ मारलेस हां." आज माझ्या हाताखाली सहा माणसं आहेत. छतावर एक रेघ दिसली तरी मी काम पुन्हा करायला लावतो, पण त्या छताचं मला अजून एकदाही वाईट वाटलेलं नाही.