असिमिनाची कुंबारा

ग्रीसच्या पाक्सोस बेटावर शिवणकाम करणाऱ्या एव्हान्थियाने असिमिनाच्या लग्नात नवरा-नवरीच्या डोक्यावरचे मुकुट आलटूनपालटून फिरवले आणि ती तिची कुंबारा, म्हणजे लग्नाची मानकरीण झाली. पहिल्या मुलाचा बाप्तिस्माही रिवाजाने कुंबाराच करते, म्हणजे पाद्र्यासमोर बाळाला हाती धरून त्याची धर्ममाता होते. असिमिनाला दिवस गेल्याचं कळताच एव्हान्थियाने झबल्यासाठी रेशीम आणलं.

मुलगी झाली. असिमिना दुकानात आली ती नजर चुकवत.

"आम्ही क्लिओला विचारलंय. ह्यांच्या अथेन्सच्या साहेबांची बायको."

"का? मी मेले का?"

"अगं, बेकरीवाल्याच्या पोराचा बाप्तिस्मा तू केलास. हिचाही केलास तर दोघं धर्माची भावंडं होणार. उद्या एकमेकांवर जीव जडला, तर लग्न कसं लावायचं? एवढ्याशा बेटावर मुलं आहेतच किती?"

"त्याला अजून नाक पुसता येत नाही, आणि तू त्याला जावई करून बसलीस!"

पण असिमिनाचं चुकत नव्हतं. इथल्या बायका एकतर मुलांचा बाप्तिस्मा करतात, नाहीतर मुलींचा. बेकरीवाल्याने विचारलं तेव्हा एव्हान्थियाला फक्त मान दिसला होता.

ती तणतणत पापा-लाझारोसकडे गेली. म्हाताऱ्या पाद्र्याने समजूत काढली ती अशी:

"कुंबारा हा शब्द मुळात आपला नाही, पोरी. व्हेनिसवाल्यांचा. कोंपारे, म्हणजे बापाबरोबरचा बाप. त्याचा आपण कुंबारोस केला, आणि बाईला कुंबारा म्हटलं, आईबरोबरची आई. मान मूळचा बाप्तिस्म्याचा. लग्नातल्यांना तो मागाहून मिळाला."

"म्हणजे खरी ती, आणि माझा मान उष्टा?"

"असं मी कुठं म्हटलं?"

"म्हणायचं राहिलं काय, बाबा?"

बाप्तिस्म्याला ती मागे उभी राहिली. तेल चोळलेली, निथळणारी पोर क्लिओच्या हातातून सुळकन निसटू लागली. 'धड धरताही येत नाही,' असं एव्हान्थियाच्या मनात येतंय तोवर क्लिओने पोरीला छातीशी घट्ट आवळलं. भारी ड्रेस तेलाने माखला, तरी तिचं लक्ष नव्हतं. एव्हान्थियाला तेच जास्त झोंबलं.

जेवणाच्या वेळी असिमिना साखरेत घोळलेल्या बदामांची थाळी घेऊन आली. "घे ना गं, कुंबारा."

"दुसरं कधी?"

"अगं बाई, हिचं दूध तरी सुटू दे!"

"मुलगा झाला तर बाप्तिस्मा माझ्या हातून. सगळ्यांसमोर सांग."

असिमिना हसली. एव्हान्थिया हसली नाही. शेजारची माणसं माना वळवून बघू लागली.

"तुझ्याच हातून," असिमिना शेवटी म्हणाली.

एव्हान्थियाने खुर्ची उचलली आणि क्लिओच्या अगदी समोर नेऊन मांडली.